खांद्यावरची पट्टी

हिवाळ्यात खंडेराव मार्केटला गेलं की माझी पिशवी ठरवल्यापेक्षा जडच होते. सुरती पापडी, तुवेरच्या शेंगा, छोटी वांगी, कोवळी मेथी. आमच्या घरी उंधियू होतो तो कंदमुळांशिवाय. रताळी नाहीत, कंद नाही, बटाटा नाही. त्यांच्या जागी कच्ची केळी. शेजारच्या बेन तीस वर्षं मला एकच प्रश्न विचारतात, "मग त्याला उंधियू कशाला म्हणायचं?" आणि मी तीस वर्षं एकच उत्तर देते, "खाऊन बघा."

गेल्या पौषात अशीच पापडी निवडत उभी होते आणि भाचीचा फोन आला. माझ्या धाकट्या भावाची मुलगी. लष्करात कॅप्टन आहे, आणि एका कोर्ससाठी इथे बडोद्यातच ईएमई स्कूलमध्ये आली होती.

"आत्या, त्या आजींचा फोटो तुझ्याकडेच आहे ना? खाकी साडीतला? मला सेम टू सेम तसा ब्लाउज शिवून हवाय. तुझ्या त्या मार्केटमागच्या टेलरकडून. बारा दिवस आहेत."

कोर्समधल्या मुलींनी मिळून एक संध्याकाळ ठरवली होती. प्रत्येकीने जुन्या काळातल्या एखाद्या स्त्री सैनिकाचा वेश करून यायचं. खऱ्या गणवेशात स्वतःच्या मनाने टाचणीसुद्धा इकडची तिकडे करता येत नाही, त्यांचे नियम कडक असतात. पण ही घरगुती संध्याकाळ होती, तिथे चालणार होतं. कुणी झाशीची राणी, कुणी आझाद हिंद सेनेतली. आणि माझ्या भाचीला व्हायचं होतं आमची आत्याआजी.

मी हो म्हटलं. फोन ठेवला, पापडीचे पैसे दिले, आणि मग मात्र कोथिंबीर घ्यायची विसरले.

आत्याआजी म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. सांगलीकडची आमची शेतीवाडी असलेली जैन कुटुंबं कशी असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. रात्री चूल पेटत नाही, पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लागत नाही, आणि मुलगी मॅट्रिक झाली की स्थळं बघायला लागतात. आत्याआजी मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली आणि पुण्याला मावशीकडे जाते म्हणून गेली ती महायुद्धाच्या काळात लष्करात भरती झाली. फोटोच्या मागे शाईने लिहिलंय, "पुणे, 1944."

त्या वेळी इंग्रज सरकारने बायकांचं एक दल काढलं होतं, विमेन्स ऑक्झिलरी कोअर. 1942 साली सुरू झालं आणि युद्ध संपेपर्यंत साडेअकरा हजारांच्या आसपास मुली त्यात गेल्या. अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मुली पुष्कळ. आपल्याकडच्या घरांतल्या कमी. बंदूक हातात नव्हती. कारकुनी, टायपिंग, टेलिफोन, भांडारातले हिशेब अशी कामं. गणवेश खाकी, ज्यांना स्कर्ट नको त्यांना साडीची मुभा होती.

तो फोटो आमच्या माजघरात कधीच लागला नाही. भिंतीवर मुनिमहाराजांचे फोटो होते, आजोबा-पणजोबा होते, मूडबिद्रीच्या यात्रेचा ग्रुप फोटो होता. आत्याआजी मात्र एका जुन्या पंचांगात, पानांच्या मधे. घरच्यांना एकाच वेळी दोन गोष्टींची लाज वाटत होती. एक म्हणजे जैनाची मुलगी आणि लष्करात. दुसरी त्याहून अवघड: सातारा-सांगलीच्या त्या पट्ट्यात 1942 नंतर नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं होतं, आसपासच्या गावांतली पोरं भूमिगत होत होती, आणि आमच्या घरातली मुलगी सरकारच्या खाकीत! माझे आजोबा तिच्याशी दोन वर्षं बोलले नव्हते म्हणे.

आता फोटोकडे येते, कारण तो घेऊनच मी टेलरकडे गेले.

मार्केटची ती मोठी कमानींची इमारत सयाजीराव महाराजांनी बांधली 1906 साली. त्याच वर्षी त्यांनी सबंध बडोदे राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं होतं, मुलींनासुद्धा. पुढच्या भागात महानगरपालिकेची कचेरी, आत भाजी, फळं, फुलं. मागच्या बाजूच्या एका गल्लीत माझे टेलरभाई बसतात. माझ्या लेकीच्या लग्नाचे अठरा ब्लाउज त्यांनी शिवले आणि एकही सैल-घट्ट झाला नाही, त्यामुळे मी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते.

त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर केला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकेक सांगायला लागले. बाही कोपराच्या वर, बेताची. गळ्याला शर्टासारखी कॉलर. पुढे हुक नाहीत, काज-बटणं आहेत. छातीवर डाव्या बाजूला खिसा, त्यावर झाकण. आणि दोन्ही खांद्यांवर कापडी पट्टी, गळ्याकडे बटणाने बंद केलेली.

"आ तो मरदाना शर्ट छे, बेन," ते म्हणाले, "फक्त कंबरेला कापलाय."

खरंच होतं. पुरुषाचा शर्ट घेऊन तो साडीखाली बसेल इतका आखूड केला होता. गंमत अशी की 'ब्लाउज' हा शब्दसुद्धा मूळचा आपला नाहीच. माझी आजी झंपर म्हणायची, तिच्या आईच्या तोंडी चोळी. आणि त्याच महायुद्धात इंग्रजी सैनिक जे आखूड जाकीट घालून लढत होते त्यालाही ब्लाउजच म्हणत! म्हणजे जो शब्द तिकडे पुरुषाच्या अंगावर होता तो आपल्याकडे येऊन फक्त बाईचा झाला, आणि 1942 साली बाई पुन्हा सैन्यात गेली तेव्हा दोन्ही ब्लाउज एकमेकांना भेटले.

खांद्यावरच्या पट्टीचंही तसंच. ती काही शोभेसाठी जन्माला आलेली नाही. सैनिकाच्या छातीवरून काडतुसांच्या पिशवीचा पट्टा आडवा जायचा, तो खांद्यावरून घसरू नये म्हणून ही पट्टी. पुढे तिच्यावर हुद्द्याच्या खुणा बसल्या. फोटोत आत्याआजीच्या डाव्या पट्टीखालून पदर घेतलेला आहे. चुण्या एकावर एक, इस्त्रीच्या, आणि वरून पट्टी बंद. ज्याने शोधून काढली त्या कुणा गोऱ्या शिंप्याला स्वप्नातही वाटलं नसेल की एक दिवस या पट्टीखाली पदर अडकवला जाईल.

टेलरभाईंनी माप लिहून घेतलं. मग विचारलं, "खिस्सुं साचुं के खोटुं?"

खिसा खरा की खोटा. म्हणजे नुसतं झाकण शिवायचं, की आत पिशवीही लावायची. हल्ली सगळे खोटाच लावतात, कारण ब्लाउजला खिसा असला की तो फुगतो आणि फिटिंग बिघडतं. भाचीनेही फोनवर सांगितलं होतं, नुसता फ्लॅप चालेल. मी म्हटलं, उद्या सांगते.

त्या खिशात आत्याआजी काय ठेवायची ते मला माहीत होतं.

मला ती आठवते ती पांढऱ्या साडीतली. लग्न केलं नाही. युद्ध संपलं, दल बरखास्त झालं, ती सांगलीला परत आली आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. चतुर्दशीला उपास, रोज संध्याकाळी प्रतिक्रमण, कधी चुकलं नाही. तिची खाकी साडी मी पाहिलेली आहे, पण साडी म्हणून नाही. युद्धानंतरही कापडावर कंट्रोल होता, चांगलं जाड सुती कापड टाकून कोण देणार? तिने साडी फाडून पाण्याची गाळणी केली. आमच्या हौदाच्या तोंडाला दुपदरी बांधलेलं ते मातकट गाळणं मला चांगलं आठवतं. पाणी गाळून झालं की आत्याआजी ते उलटं करून जिवाणी विहिरीत परत सोडायची.

मी तेरा-चौदा वर्षांची असताना तिला एकदा विचारलं होतं. मुलांना दयामाया नसते. मी म्हटलं, "आत्याआजी, तू इंग्रजांची नोकरी केलीस ना? तू माणसं मारलीस?"

ती गव्हातले खडे निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी नावं टाइप केली."

मग हळूहळू सांगितलं. ज्या कचेरीत ती होती तिथे मेलेल्या आणि बेपत्ता शिपायांच्या याद्या यायच्या. त्या युद्धात हिंदुस्थानी फौजेत 25 लाखांवर माणसं होती आणि 87 हजारांच्या आसपास मेली, हे आकडे मी पुढे वाचले. तिच्या टेबलावर आकडे येत नसत, नावं येत. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, नंबर. शिंदे आणि शिर्के, बुद्रुक आणि खुर्द. गोऱ्या साहेबाने कशीबशी इंग्रजीत लिहिलेली मराठी नावं. "एक अक्षर चुकलं," ती म्हणाली, "तर तार भलत्याच घरी जाते. जिचा नवरा जिवंत आहे ती बांगड्या फोडते. आणि जिचा मेलाय ती वाट बघत बसते." म्हणून ती प्रत्येक यादी दोनदा वाचायची, बोट ठेवून. खिशात एक खोडरबर आणि णमोकार मंत्राची छोटी पुस्तिका. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या मुली चहाला जात, ही याद्या ताडून बघत बसे.

आपल्या भाषेत वर्दी म्हणजे गणवेश, आणि वर्दी म्हणजे खबरसुद्धा. वर्दी देणे. त्या दिवसापासून मला तो शब्द एका अर्थाने वापरताच येत नाही.

असो. तर मी दुसऱ्या दिवशी आमच्या स्वाध्याय मंडळात हा विषय काढला. काढायला नको होता असं आधी वाटलं, कारण चर्चा चांगलीच रंगली.

आम्ही नुकतंच समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारातलं अनर्थदंडाचं प्रकरण वाचलं होतं. निष्कारण होणारी पापं कोणती, त्यांचे पाच प्रकार. त्यातलं एक हिंसादान, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. एका ज्येष्ठ बाईंनी लगेच बोट ठेवलं, "मग सैन्याचा पोशाख शिवून देणं हे हिंसादानच झालं." दुसरी हसून म्हणाली, "अहो मावशी, तिने तलवार दिली का? झंपर दिलं." मावशी काही हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की तलवारीने एक माणूस मरतो, पण गणवेशाच्या रुबाबाने दहा पोरं तलवारीकडे जातात. हे अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं.

मग नेहमीचं उत्तर आलं, आणि ते खरंही आहे. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. स्वयंपाकात, शेतीत, धंद्यात जी होते ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी, तीही नाही. श्रावकाला पहिली मात्र सर्वस्वी वर्ज्य, जाणूनबुजून, ठरवून केलेली. आणि आपल्यात सेनापती काय कमी झाले? श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती ज्यांनी उभी करवली ते चामुंडराय गंगांचे सेनापतीच होते. आयुष्यभर चिलखत घातलेल्या माणसाने दहाव्या शतकाच्या अखेरीस डोंगरावर उभं काय केलं, तर ज्याच्या अंगावर सूतभर वस्त्र नाही असा जिंकून सोडून देणारा राजा. त्याच श्रवणबेळगोळला सावियब्बे नावाच्या श्राविकेचा वीरगळ आहे. नवऱ्याबरोबर रणात गेली, लढता लढता पडली. दगडात ती घोड्यावर आहे, हातात तलवार. हे मी सांगितलं तेव्हा मंडळातल्या तरुण सुना एकदम सावरून बसल्या. आपल्या घराण्यातली कुणी सापडल्यासारखं त्यांना वाटलं असावं.

तरी माझं समाधान झालं नाही. हिंसादानाची मला तेवढी भीती नव्हतीच. माझी भाची रडार आणि गाड्या दुरुस्त करते, तिच्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे. मला टोचत होता त्याच यादीतला दुसरा शब्द, प्रमादचर्या. गरज नसताना, भान नसताना केलेली कृती. उगीच पाणी सांडणं, उगीच पान तोडणं. एका संध्याकाळच्या फोटोसाठी मेलेल्या बाईचा ब्लाउज पुन्हा शिवणं हे कशात बसतं?

हल्ली जुनं ते नवीन करून घालायची फारच आवड आली आहे. मी नावं ठेवत नाही, माझ्या लेकीच्या लग्नात मीही फुग्याच्या बाहीचा ब्लाउज शिवलाच की. रेडीमेड नऊवारी तर आता पायजम्यासारखी चढवता येते. माझ्या सासूबाईंना ती नेसायला वीस मिनिटं लागत आणि त्याच नऊवारीत त्या दळण दळत, विहिरीचं पाणी शेंदत. आपण काठ घेतले, नथ घेतली आणि जातं तेवढं सोडून दिलं.

सैन्यंही हेच करतात. 2018 च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या लष्कराने जाहीर केलं की आता दुसऱ्या महायुद्धातल्या पोशाखावर बेतलेला नवा गणवेश येणार, पुरुषांना आणि बायकांनाही. गडद हिरवा कोट, खाली किंचित गुलाबी छटेची फिकट पँट. 'पिंक्स अँड ग्रीन्स' म्हणत त्याला. मूळचा तो होता फक्त अधिकाऱ्यांचा. साध्या शिपायाला तो मिळत नसे. आता सगळ्यांना मिळणार, हे मला आवडलं. पण ज्या काळाची ही आठवण, त्या काळात त्याच सैन्यात काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. 1945 साली काळ्या बायकांची एक तुकडी, साडेआठशेच्या आसपास, इंग्लंडात बर्मिंगहॅमला पाठवली होती. काम काय? आघाडीवरच्या शिपायांची साठून राहिलेली पत्रं लावायची. एकाच नावाचे ढीगभर शिपाई, त्यातून बरोबर माणूस शोधायचा. हे वाचताना मला आत्याआजीच दिसली. त्या बायकांचं ते पत्रं लावणं नव्या कोटाच्या कापात कुठे दिसणार?

आपल्या नौदलाचंही ताजं उदाहरण आहे. 4 डिसेंबर 2023 ला सिंधुदुर्गाजवळ नौदल दिन झाला, त्यात घोषणा झाली, आणि महिनाअखेरीस ॲडमिरल लोकांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांची नवी रचना आली. तिच्यावर अष्टकोन आहे, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला. मराठी माणूस म्हणून ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू? पण त्याच महाराजांनी 1673 साली चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या लोकांना पत्र लिहून बजावलं होतं, की दाणागोटा बेताने वापरा, संपवून टाकलात तर कुणब्यांच्या घरी जाल आणि त्यांना छळाल. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील. उंदरापर्यंत विचार करणारा राजा! रयतेच्या भाजीच्या देठालाही धक्का लागू नये ही त्यांची शिकवण आपण शाळेपासून ऐकतो. अष्टकोन शिवायला सोपा. वातीची काळजी रोज रात्री घ्यावी लागते.

आणि आपल्या शास्त्रात हिंसेची व्याख्याच मुळी अशी आहे. उमास्वामींनी नुसता जीव घेणं म्हणजे हिंसा असं म्हटलेलं नाही. प्रमादाच्या योगाने जीव घेणं असं म्हटलंय. भान सुटणं हे आधी, मारणं नंतर. मी हे सूत्र पाठ म्हणत आले होते, पण यादीवर बोट ठेवून "बुद्रुक की खुर्द" बघणारी आत्याआजी समोर आली तेव्हा ते मला पहिल्यांदा समजलं. युद्धाच्या यंत्रात बसून ती जेवढी अहिंसा करू शकत होती तेवढी तिने केली, खोडरबर घेऊन.

कुंदकुंदाचार्यांनी द्रव्यलिंग आणि भावलिंग असा भेद केला तो मुनींच्या संदर्भात. बाहेरचा वेश आणि आतला भाव. आत काही नसेल तर बाहेरच्याने काही साधत नाही. पण मुनींना जे लागू ते शिपायाला का नको?

बडोद्याच्या बायकांनी या बाबतीत एका मुलीला विसरू नये. सुरसागराजवळ आपली गायनशाळा आहे ना, मौलाबक्षांनी 1886 साली सुरू केलेली. त्यांच्या नातवाची, इनायत खाँसाहेबांची ती मुलगी, नूर. वडील बडोद्याचे, सूफी; मुलगी फ्रान्समध्ये वाढली, वीणा वाजवायची, जातककथा लहान मुलांसाठी इंग्रजीत लिहिल्या तिने. घरात शिकवण अहिंसेची. तरी नाझींचं संकट पाहून 1940 साली ती ब्रिटिश हवाई दलाच्या बायकांच्या शाखेत दाखल झाली. तिचा त्या गणवेशातला फोटो सगळ्यांनी पाहिलाय. पण ज्या कामासाठी तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला ते तिने गणवेशात केलंच नाही. 1943 साली पॅरिसमध्ये ती साध्या कपड्यांत, पेटीत बिनतारी यंत्र घेऊन या घरातून त्या घरात फिरत होती. पकडली गेली, कुणाचं नाव सांगितलं नाही, आणि 13 सप्टेंबर 1944 ला डाखाऊच्या छावणीत तिला गोळी घातली. त्या कोट-टोपीशिवायही भाव तोच होता.

अशा विचारांत आठ दिवस गेले आणि ब्लाउज तसाच राहिला. टेलरभाईंचे दोन फोन येऊन गेले. शेवटी रविवारी भाचीच घरी आली. तिला मी गाळण्याची, याद्यांची, खोडरबराची सगळी गोष्ट सांगितली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं पणजीसारखी एक स्टायलिश बाई होती, खाकीत छान दिसायची. यात तिची काय चूक? आम्हीच फोटो पंचांगात ठेवला होता.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आत्या, आमच्यात बायका 1992 ला आल्या असं आम्हाला सांगतात. डॉक्टर आणि नर्सेस सोडून. मध्ये पंचेचाळीस वर्षं काहीच नाही. 2020 ला कोर्टाचा निकाल लागला तेव्हा कुठे पर्मनंट कमिशन. खडकवासल्याहून मुलींची पहिली बॅच बाहेर पडली ती 2025 ला, सतरा जणी. मला ना, माझ्या आधी कुणीतरी होतं एवढंच बघायचं होतं."

याला मी काय म्हणणार? सावियब्बेचं नाव ऐकून सावरून बसलेल्या सुना मला आठवल्या.

"आणि तो आझाद हिंदचा वेश करणारी तुझी मैत्रीण," मी म्हटलं, "ती आणि तू त्या काळात समोरासमोर असता. एकाच वेळी. लक्ष्मी स्वामिनाथन सिंगापूरला मुली गोळा करत होत्या, ब्रीचेस घालून, आणि तुझी पणजी-आत्या पुण्यात इंग्रजांच्या कचेरीत."

"हो, आम्ही त्यावर बोललोय," ती म्हणाली. "भांडलोय पण."

मग आम्ही दोघी मार्केटला गेलो. टेलरभाईंना सांगितलं, खिसा खरा. ते म्हणाले फुगेल. म्हटलं फुगू दे. बटणं त्यांनी शिंपल्याची काढली होती, फोटोत तशीच चमकतात म्हणून. ती मी परत करायला लावली. शिंपल्यात जीव असतो. पितळेची घेतली. कापड सुती, रेशमाचा प्रश्न नव्हता. चामड्याच्या पट्ट्याचं भाचीचं ती बघेल, तिथे मी तोंड उघडलं नाही.

ब्लाउज सुंदर झाला. टेलरभाईंच्या हातचं काम! कॉलर अशी बसली होती की इस्त्रीची गरज नाही.

त्या रात्री साडेअकराला तिचा फोन. पदर पट्टीखालून सारखा सटकत होता, शेवटी दोन सेफ्टीपिना लावाव्या लागल्या. आत्याआजीने त्या उन्हाळ्यात, सायकलवरून कचेरीत जाताना, पिनांशिवाय तो कसा सांभाळला असेल कुणास ठाऊक. आणि सांगितलं की प्रत्येकीला आपापल्या वेशाबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं, तर तिने खिशातून खोडरबर काढून टेबलावर ठेवलं आणि याद्यांचं सांगितलं. नंतर एक वरिष्ठ बाई, नर्सिंग सर्व्हिसच्या, तिच्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, अशा तारांचं उलटं टोक मी पाहिलंय. त्यापुढे काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

परवा मेथी आणायला गेले होते तर टेलरभाईंनी हाक मारली. त्यांनी फर्मा कागदावर उतरवून ठेवलाय. तिथल्या आणखी दोन मुली येऊन गेल्या म्हणे, तसाच ब्लाउज हवा म्हणून, आणि एका कॉलेजच्या मुलीने तर जीन्सवर घालायला मागितला. "बेन, एक नमुना शिवून बाहेर लटकवू का? चांगला चालेल." आणि मग जरा थांबून, "बीजांना खोटुं खिस्सुं करूं, चालसे ने?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. अजून सांगितलेलं नाही.